अंदमान समुद्राचा तळ: गाळाखाली घडणारं कवच

23 जानेवारी 2017. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु संकल्प' जहाज अंदमानातल्या बॅरन बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होतं. पथकाचे प्रमुख होते डॉ. अभय मुधोळकर. अचानक बेटावरच्या ज्वालामुखीने राख फेकायला सुरुवात केली, तेव्हा जहाज मैलभर मागे घेऊन मंडळी बघत राहिली. दिवसा नुसते राखेचे ढग दिसत होते. सूर्य बुडाल्यावर मात्र तांबडा लाव्हा उसळताना आणि उतारावरून ओघळताना दिसला.

बातमी साहजिकच ज्वालामुखीची झाली. मला मात्र जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्या बेटाच्या आग्नेयेला पाण्याखाली चाललेलं काम. तिथे समुद्रतळ फाकतो आहे आणि त्या फटीत नवं महासागरी कवच, म्हणजे समुद्राखालचा पृथ्वीचा कठीण खडकाळ थर, तयार होतं आहे.

समुद्रतळ मध्यभागी फाकतो, ही कल्पना 1962 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी मांडली. पुढच्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश संशोधकांनी तळाच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांचा (तळ घडताना खडकात उमटलेल्या, पृथ्वीच्या उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय दिशेच्या नोंदींचा) अर्थ लावला आणि तिला भक्कम आधार मिळाला. पण ते चित्र अटलांटिकसारख्या मोठ्या महासागरांचं होतं. जिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या थराचा सरकणारा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली बुडतो, तिथे सगळं दाबलं जायला हवं. मग खोल गर्तेच्या आणि ज्वालामुखी बेटांच्या माळेच्या मागे समुद्र उघडतो तो कसा?

हा प्रश्न 1970 च्या सुमारास भूवैज्ञानिक डॅनियल कॅरिग यांनी धसास लावला. प्रशांत महासागरात टोंगा बेटांच्या मागचं लाउ खोरं त्यांनी तपासलं. तळावर गाळ फारच थोडा होता, म्हणजे तळ कोवळा होता. बेटांची माळच दुभंगून तिचे दोन भाग एकमेकांपासून सरकले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण पुढे उलगडत गेलं: बुडणारा भूपट्ट जड असतो, तो खाली जाता जाता मागेही सरतो, आणि वरचा भूपट्ट त्याच्या मागोमाग ताणला जातो.

लाउ खोऱ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. बुडणारा भूपट्ट आपल्याबरोबर पाणी नेतो. ते वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड तप्त थरात, झिरपलं की तिथला खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. त्यामुळे दक्षिणेकडे, जिथे विस्ताराची रेषा ज्वालामुखींना लागून आहे, तिथे विस्ताराचा वेग कमी असूनही कवच जाड आहे. उत्तरेकडे ही रेषा ज्वालामुखींपासून दूर जाते. तिथे वेग दुपटीहून जास्त, तरी कवच पातळ. म्हणजे इथे कवचाची जाडी नुसत्या वेगावरून सांगता येत नाही. पाणी किती जवळ आहे तेही बघावं लागतं.

आता परत अंदमानकडे. इथे भारतीय भूपट्ट समोरून न धडकता तिरका घुसतो. त्यामुळे वरच्या भूपट्टाची एक लांबट चिरफळी सुटून उत्तरेकडे सरकते. तिची पूर्वेची कड म्हणजे म्यानमारमधला सगाईंग भ्रंश (ज्या भेगेवर दोन्हीकडचे खडक एकमेकांना घासत सरकतात ती) आणि सुमात्रातला मोठा भ्रंश. या दोन भ्रंशांच्या मधल्या सांध्यात अंदमान समुद्र उघडतो. हे उघडणं कधी सुरू झालं, यावर बराच काळ एकमत नव्हतं. 1979 मध्ये भूवैज्ञानिक जोसेफ करे आणि सहकाऱ्यांनी ते एक कोटी वर्षांहून जुनं ठरवलं होतं. 2004 मध्ये गोव्याच्या त्याच संस्थेतल्या कामेश राजू आणि सहकाऱ्यांनी तळाचे बारकाईने केलेले नकाशे आणि चुंबकीय मोजमापं एकत्र तपासली. खरा तळविस्तार जेमतेम 40 लाख वर्षांचा निघाला. सुरुवातीचा वेग वर्षाला सुमारे 16 मिलिमीटर होता, पुढे तो 38 पर्यंत वाढला. पुढच्याच वर्षी करे यांनीही आपल्या नव्या मांडणीत सुमारे 40 लाखांचाच आकडा धरला. आपलंच जुनं उत्तर असं बदलणं सोपं नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि मग इरावती. म्यानमारचे डोंगर धुऊन ही नदी जो गाळ आणते, त्यातला पुष्कळसा या समुद्रात येतो आणि विस्ताराच्या दरीतही साठत जातो. एरवी शिलारस, म्हणजे खालून येणारा वितळलेला खडक, थेट समुद्राच्या थंड पाण्यात उसळतो, त्याच्या उशांसारख्या गोळ्या बनतात आणि वरची साय काचेसारखी गोठते. इथे त्याला पाण्यापर्यंत पोचूच देत नाही तो गाळ. शिलारस जड, चिखल हलका. म्हणून तो चिखलाच्या थरांत आडवा शिरतो आणि तिथेच पत्र्यासारखा पसरून थिजतो. आजूबाजूचा चिखल भाजून कडक होतो. त्यावर पुन्हा गाळ, पुन्हा शिलारस. भूकंपलहरींनी खोलवरची रचना टिपून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: इथल्या कवचाचा वरचा भाग अशा आडव्या शिलापत्रांचा आणि घट्ट झालेल्या गाळाचा आहे. अशा जाड गाळाखाली चुंबकीय पट्टेही पुसट होतात, आणि तळाचं वय तर त्यांच्यावरूनच वाचायचं असतं.