वृत्तसंकलक ब्लॉग आणि वृत्तपत्रीय मजकूर

वृत्तपत्रांनी स्वखर्चाने मिळवलेल्या बातम्यांचे मथळे, उतारे किंवा गोषवारे आपल्या संकेतस्थळावर देऊन शेजारच्या जाहिरातींवर उत्पन्न मिळवण्याचा व्यवहार. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेले ‘हफिंग्टन पोस्ट’ हे याचे ठळक उदाहरण होय. विनामोबदला लिहिणारे ब्लॉगलेखक, स्वतःचे वार्तांकन आणि इतरांच्या बातम्यांचे संक्षेप अशा मिश्रणावर वाढलेले हे संकेतस्थळ २०११ मध्ये एओएल कंपनीने ३१.५ कोटी डॉलरना विकत घेतले.

वादाचे मूळ असे, की प्रताधिकार शब्दांना आणि मांडणीला असतो, घटनेला नसतो. बातमीदाराने माणसे गाठून, तासन्‌तास बसून मिळवलेली माहिती दुसऱ्याने थोड्या वेळात स्वतःच्या शब्दांत उतरवली, तर कायदा सहसा आड येत नाही. २००९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या एका बातमीदाराने आपला लेख ‘गॉकर’ या ब्लॉगने कसा वापरला, याचा जाहीर हिशेब मांडला, तेव्हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याच्या या प्रकाराची मोठी चर्चा झाली.

तंटा मात्र तारायंत्राच्या काळापासूनचा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या तारा वापरण्यास मज्जाव केल्यावर अमेरिकी वृत्तपत्रमालक हर्स्ट यांची ‘इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस’ ही वृत्तसंस्था ‘असोसिएटेड प्रेस’ या प्रतिस्पर्धी वृत्तसंस्थेच्या बातम्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वृत्तफलकांवरून व ताज्या अंकांतून उचलून स्वतःच्या ग्राहक वृत्तपत्रांना पुरवू लागली. दोन किनाऱ्यांच्या वेळेतील फरकामुळे पश्चिमेकडे त्या बातम्या मूळ संस्थेच्या बरोबरीने, कधी तिच्याआधीही, छापल्या जात. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही न पेरता केलेली कापणी ठरवून ताज्या बातमीला प्रतिस्पर्ध्यापुरते मर्यादित संरक्षण दिले. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी मात्र भिन्नमतात अशी बंधने घालणे हे विधिमंडळाचे काम असल्याचे बजावले. पुढील निकालांनी हे तत्त्व इतके आकुंचित केले, की आज ब्लॉगविरुद्ध त्याचा फारसा उपयोग उरलेला नाही.

मूळ बातमीचा दुवा दिला म्हणजे ऋण फिटले, हा संकलकांचा नेहमीचा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो, पण तो दर वेळी टिकत नाही. ‘असोसिएटेड प्रेस’ने मेल्टवॉटर या सशुल्क वृत्तसेवेविरुद्ध भरलेल्या खटल्यात (२०१३) हजारात एकाहूनही कमी वेळा वाचक दुव्यावरून मूळ बातमीकडे जात असल्याचे दिसले आणि शब्दशः उतारे देणे ‘उचित वापर’ (परवानगीविना करता येणारा कायदेशीर वापर) ठरले नाही. सरसकट खटले भरण्याचा मार्गही अंगलट येऊ शकतो. लास व्हेगासमधील एका दैनिकाच्या लेखांवरून २०१० पासून ब्लॉगचालकांवर दावे लावणाऱ्या राइटहेवन या कंपनीकडे दावा लावण्यापुरताही हक्क नसल्याचे न्यायालयात निष्पन्न झाले.

भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५२ वे कलम चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापरास मुभा देते. जानेवारी २०२२ मध्ये डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. म्हणजे भांडण छोट्या ब्लॉगकडून गूगलसारख्या बड्या डिजिटल मंचांकडे सरकले. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये अशा मंचांना वृत्तसंस्थांशी मोबदल्याची बोलणी करण्यास भाग पाडणारा कायदा केला. कॅनडाने २०२३ मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले, तेव्हा गूगलने वार्षिक १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले, तर मेटाने त्या देशात फेसबुक व इन्स्टाग्रामवरील बातम्याच बंद केल्या.