दोन जणांचे स्टार्टअप आणि लघु ॲपनिर्मिती

एखादी नेमकी गरज भागवणारे छोटे ॲप दोनच भागीदारांनी काही दिवसांत किंवा आठवड्यांत तयार करून लोकांच्या हाती देणे आणि वापर पाहून ते वाढवणे किंवा बंद करणे, अशी ही कार्यपद्धती आहे. साधारणपणे एक जण कोड लिहितो आणि दुसरा मांडणी, ग्राहक व हिशेब सांभाळतो. प्रत्यक्षात ही वाटणी फार दिवस काटेकोर राहत नाही.

ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये आणि गूगलचे अँड्रॉइड मार्केट (२०१२ पासून गूगल प्ले) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यावर वितरणासाठी मोठ्या कंपनीचा आधार लागेनासा झाला. ॲप बनवणाऱ्याला (विकासकाला) गूगलकडे नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. रिॲक्ट नेटिव्ह (२०१५) आणि फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनांमुळे आयफोन व अँड्रॉइड अशा दोन्ही प्रकारच्या फोनांसाठी बहुतांशी एकच कोड पुरतो, तर फायरबेससारख्या तयार ऑनलाइन सेवा लॉगिन आणि डेटाबेसचे काम उचलतात. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसे वाढवल्यास तो आणखी रखडतो. कारण माणसांबरोबर आपसांतला संवादही वाढतो: दोघांमध्ये संवादाची एकच जोडी असते, पाच जणांमध्ये १० आणि दहा जणांमध्ये ४५. तरीही वेगाचे खरे श्रेय भराभर कोड लिहिण्यापेक्षा काय करायचे नाही हे लवकर ठरवण्याला द्यावे लागते.

मुंबईत जागेच्या भाड्यामुळे अशा जोड्या बहुधा घरातून किंवा सहकार्यालयातून (को-वर्किंग जागेतून) काम करतात. पवईच्या आयआयटीतील ‘साइन’ हे २००४ पासूनचे उद्योगसंवर्धन केंद्र तंत्रज्ञानाधारित नवउद्योगांना पाठबळ देते. पण येथे वर्णिलेली ॲप्स त्याहून कितीतरी लहान असतात. डब्याचे खाडे, शिकवणीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स अशा वहीत मावणाऱ्या व्यवहारांतूनच त्यांचे विषय निघतात.

गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांचे ॲप हे त्याचे चांगले उदाहरण ठरेल. पहिल्या आवृत्तीत नाव, रक्कम, रोख की यूपीआय आणि व्हॉट्सॲपवर जाणारी पावती एवढेच पुरते. खर्चाचा ताळेबंद आणि देखाव्याची छायाचित्रे बाजूला ठेवता येतात. अडचणी येतात त्या वेगळ्याच ठिकाणी. पावतीवर ‘अक्षरी रुपये’ लिहावे लागतात आणि मराठीत शंभरपर्यंतचे अंक दशक-एकक जोडून तयार होत नाहीत. एकोणसाठ, त्र्याण्णव असे सर्व शब्द कोष्टकात भरावे लागतात. इमारतीच्या लिफ्टमध्ये वा जिन्यात नेटवर्क गेले, की दोन कार्यकर्त्यांच्या फोनवर एकच पावती क्रमांक पडू शकतो. यावरचा उपाय मंडळांना आधीपासून ठाऊक आहे: छापील पावतीपुस्तकांप्रमाणे प्रत्येक फोनला क्रमांकांची स्वतंत्र मालिका नेमून द्यायची. कोड लिहिणाऱ्याला हे सुचण्यापेक्षा वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या भागीदाराला सुचण्याची शक्यता अधिक, आणि दोघांच्या जोडीचा उपयोग येथेच दिसतो.

चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे वेळापत्रक उलटे मोजावे लागते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक विकासक खात्यांना गूगल प्लेवर ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी मर्यादित चाचणी घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी आरंभी ॲप वापरून पाहणारे २० परीक्षक लागत. पुढे ही संख्या १२ झाली, मात्र सलग १४ दिवसांच्या चाचणीची अट कायम राहिली. कोड दोन दिवसांत तयार झाला तरी हा पंधरवडा टळत नाही. म्हणून अनेक जण आधी ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती देतात आणि स्टोअरचे नंतर पाहतात.

कायद्याच्या दृष्टीने दोन ही सोयीची संख्या आहे. खासगी मर्यादित कंपनीला किमान दोन भागधारक व दोन संचालक, तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीला (एलएलपी) किमान दोन भागीदार लागतात. पैशांची विभागणी, कोडची मालकी आणि एकाने नोकरी धरल्यास पुढे काय, हे लेखी ठरवण्याचा कंटाळा मात्र सर्रास केला जातो. तो महागात पडू शकतो: मर्यादित दायित्व भागीदारीतून एक जण बाहेर पडला आणि उरलेल्याने एकट्याने, हे ठाऊक असूनही, सहा महिन्यांहून अधिक काळ व्यवसाय चालू ठेवला, तर त्या काळातील देण्यांना तो व्यक्तिशः जबाबदार ठरतो.