मुक्त अध्यापन साहित्य (भाषा व वाङ्मय)

भाषा आणि वाङ्मय शिकवताना वर्गात वापरता येतील अशा संहिता, ध्वनिमुद्रणे, पाठटाचणे, सरावपत्रिका, चित्रे, शब्दसंग्रह यांपैकी जे पैसे न मोजता मिळते आणि ज्याची प्रत काढायला कायद्याची आडकाठी नसते, त्याला मुक्त अध्यापन साहित्य म्हणतात. मराठीत ‘साहित्य’ हा शब्द वाङ्मयालाही चालतो आणि सामग्रीलाही, त्यामुळे ‘साहित्याचे साहित्य’ असे म्हणायची सोय आहे. त्यातली गंमत सोडली तरी एक गोष्ट उरतेच. विज्ञानाच्या तासाला परीक्षानळी ही सामग्री आणि रसायन हा विषय. कवितेच्या तासाला मात्र सामग्रीही कविता आणि विषयही कविताच. म्हणून या क्षेत्रातला शोध आधी भरवशाच्या संहितेचा असतो. सरावपत्रिका त्यानंतर, आणि बऱ्याचदा तिच्यावाचून काही अडत नाही.

फुकट आणि मुक्त

फुकट मिळाले ते मुक्त, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. शिकागोचे पोएट्री फाउंडेशन हजारो कविता कोणालाही वाचू देते. त्यांतल्या हयात कवींच्या कविता परवानगीने छापलेल्या असतात. त्या पडद्यावर वाचता येतात, पण उचलून आपल्या पुस्तिकेत घालता येत नाहीत. अशा कवितेचा दुवा विद्यार्थ्यांना खुशाल द्यावा. प्रती काढायच्या तर निराळा विचार करावा लागतो.

‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ (इंग्रजीत ओईआर) ही संज्ञा युनेस्कोने २००२ मध्ये पॅरिसला भरवलेल्या बैठकीतून रूढ झाली, आणि २५ नोव्हेंबर २०१९ रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने याविषयीची शिफारस सदस्य देशांपुढे ठेवली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मुक्तपणाचे पाच हक्क सांगितले आहेत : प्रत स्वतःजवळ ठेवणे, ती वापरणे, तिच्यात फेरफार करणे, ती दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. यांतला प्रत जवळ ठेवण्याचा हक्क त्यांनी मागाहून जोडला. शिक्षकाला मात्र तोच सर्वांत आधी लागतो, कारण यंदा उघडणारे संकेतस्थळ पुढच्या वर्षी उघडेलच याची हमी कोणी देत नाही.

हे हक्क कागदावर उतरतात ते बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांतून. ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. आज परवाने सहा आहेत, शिवाय सगळे हक्क सोडून देणारे ‘सीसी झिरो’ हे पत्र. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एसए’ म्हणजे पुढे वाटाल ते याच अटीवर वाटा, ‘एनसी’ म्हणजे धंदा करू नका, ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. भाषेच्या शिक्षकाला यांतली शेवटची अट सर्वांत जाचक वाटते. मोठी गोष्ट अर्ध्यावर आणणे, अवघड शब्द बदलणे, विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषेत अनुवाद करणे ही भाषेच्या वर्गातली रोजची कामे. ‘एनडी’ असलेल्या मजकुरावर ती करून वाटता येत नाहीत. ‘एसए’चा घोळ उशिरा लक्षात येतो. ‘बीवाय-एसए’ची टिपणे आणि ‘बीवाय-एनसी-एसए’ची गोष्ट एकत्र विणून नवी पुस्तिका केली, तर ती वाटताना दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. दोन मजकूर एकाखाली एक नुसते ठेवले आणि प्रत्येकाखाली त्याचा परवाना लिहिला, तर अडचण येत नाही.

प्रताधिकार संपलेले वाङ्मय

मोफत वाङ्मयाचा सर्वांत मोठा साठा म्हणजे प्रताधिकाराची (कॉपीराइटची) मुदत संपलेली पुस्तके. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे असते. भारतात ती ६० आणि युरोपीय संघात ७० वर्षे आहे. अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात, म्हणून १९३० मध्ये छापलेली पुस्तके तिथे १ जानेवारी २०२६ रोजी मोकळी झाली. एकच कादंबरी एका देशात मोकळी आणि दुसऱ्यात बांधलेली असते ती या फरकामुळे. हा फरक नुसता पुस्तकी नाही. हाइनरिश मान, थॉमस मान आणि आल्फ्रेड डोब्लिन या जर्मन लेखकांची १८ पुस्तके अमेरिकेत मोकळी होती, जर्मनीत नव्हती. तिथल्या प्रकाशकाने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या अमेरिकी संकेतस्थळावर दावा लावला, न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने गेला आणि २०१८ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्गने जर्मनीतल्या वाचकांना आपला सगळा संग्रहच बंद केला. २०२१ मध्ये तडजोड झाल्यावर तो पुन्हा उघडला.

फसगत जास्त होते ती अनुवादात. मूळ महाकाव्य दोन हजार वर्षांपूर्वीचे असले तरी त्याचा गेल्या पिढीतला अनुवाद त्या अनुवादकाचा असतो आणि मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजायची. संपादकाच्या प्रस्तावनेचे आणि तळटीपांचे तसेच. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला, पण वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाच्या संपादित संहिता बिगरव्यावसायिक वापराच्या अटीवरच मोफत उतरवून घेता येतात. सुदैवाने शाळेचा वापर त्या अटीत बसतो.

ज्याचा प्रताधिकार अजून चालू आहे असा मजकूर वर्गात अजिबात आणता येत नाही, असेही नाही. अध्यापनात उदाहरणादाखल वापर करू देण्याची मोकळीक बर्न कराराच्या दहाव्या कलमाने देशांना दिली आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांत ती आहे. मर्यादा मात्र देशागणिक वेगळी. वर्गात वाटलेला उतारा आणि जगाला दिसेल असा चढवलेला उतारा यांत कायदा फरक करतो, आणि शिक्षक अडकतात ते बहुधा दुसऱ्यात.

संहिता कोठे मिळतात

प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात ४ जुलै १९७१ रोजी झाली. इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल हार्ट यांनी त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकला. आज तिथे ७०,००० हून अधिक पुस्तके आहेत, त्यांत इंग्रजीचे प्रमाण फार मोठे. इंटरनेट अर्काइव्ह (१९९६) हे पानांच्या छायाप्रतींचे भांडार. मात्र तिथे उसनी मिळणारी नवी पुस्तके मुक्त नव्हेत. त्यांवरून चार प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा केला आणि तो अर्काइव्हच्या विरोधात गेला. विकिस्रोत (२००३) हा विकिपीडियाचा भाऊ, आणि मराठीसह अनेक भाषांत चालतो.

विकिस्रोतावर पानांना रंग असतात, ते बघायची सवय लावून घ्यावी. लाल म्हणजे यंत्राने वाचलेला कच्चा मजकूर, पिवळा म्हणजे एकाने छायाप्रतीशी ताडून पाहिलेला, हिरवा म्हणजे दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलेला. हा उपद्व्याप कशासाठी, ते देवनागरी पान यंत्राला वाचायला दिले की कळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतो, शिरोरेषा तुटली तर एका अक्षराची दोन होतात. ‘घन’चे ‘धन’ झाले की पावसाच्या कवितेत एकाएकी पैसा येतो, आणि शब्द खरा असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे यंत्रही गप्प राहते. वर्गातली चाळीस मुले त्या ओळीचा अर्थ लावत बसतात, आणि लावतातही. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ दिसतो, तोही याच जातीचा दोष. म्हणून कविता वाटण्यापूर्वी तिची एखाद्या छापील पानाशी, निदान त्याच्या छायाप्रतीशी, ओळीने ओळ गाठ घालावी. वीस ओळींना पाच मिनिटे पुरतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कवितांना तर कवीचे नावसुद्धा बऱ्याचदा दुसऱ्याचेच लागलेले असते. छापील संग्रहात सापडत नाही तोवर ते नाव फळ्यावर लिहू नये.

शोधण्याची रीत

कविता शीर्षकाने शोधू नये, पहिल्या ओळीने शोधावी. ‘पाऊस’ किंवा ‘आई’ नावाच्या कविता शेकड्यांनी निघतील. पहिली ओळ अवतरणचिन्हांत घातली की बहुधा एकच. जुन्या मराठी मजकुराला आणखी एक युक्ती लागते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गेलें’ असेच आहे. ‘काही नाही’ शोधणाऱ्याला ती पाने सापडत नाहीत. काही मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना ती स्वच्छ मराठी दिसते, शोधयंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते. त्या मजकुराची नक्कल करून चिकटवले की खिचडी आपल्यालाही दिसते. अशी फाइल शोधायची तर पुस्तकाच्या किंवा लेखकाच्या नावाने शोधावी, आतल्या ओळीने नव्हे.

मुलांच्या वाचनासाठी आफ्रिकन स्टोरीबुक आणि प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीवीव्हर ही दोन ठिकाणे वेगळी काढून सांगण्याजोगी आहेत. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी ‘बीवाय’ परवान्याखाली असतात, वाचनाच्या चढत्या पातळ्यांत लावलेल्या असतात आणि कोणीही त्यांचा अनुवाद करू शकतो. एकच गोष्ट दोन भाषांत समोरासमोर ठेवून वाचता येणे ही बहुभाषक वर्गात मोठी सोय ठरते. अनुवादांचा दर्जा सारखा नसतो. मोठ्या मुलांना तो सुधारायला द्यावा, व्याकरणाचा धडा त्यातच होतो.

ऐकण्याचे साहित्य

लिब्रिव्हॉक्स (२००५) हा स्वयंसेवकांनी मोकळी पुस्तके मोठ्याने वाचण्याचा उपक्रम. त्यांची ध्वनिमुद्रणेही सार्वजनिक मालकीची असतात. वाचन कधी उत्तम, कधी रडतखडत. साप्ताहिक कविता हा तिथला एक बेत वर्गाच्या विशेष उपयोगाचा आहे : एकच छोटी कविता अनेकजण आपापल्या घरी वाचून पाठवतात. त्यांतली तीन वाचने लागोपाठ ऐकवावीत आणि कोण कुठे थांबला, एवढेच विचारावे. विरामचिन्ह, ओळ मोडण्याची जागा, स्वराघात हे सगळे त्या एका प्रश्नातून बाहेर येते. छंदाची व्याख्या आधी सांगावी लागत नाही.

बोलभाषेच्या सरावाला टाटोएबा (अनुवादांसह वाक्यांचा साठा) आणि मोझिलाचा कॉमन व्हॉइस (सीसी झिरोखालची ध्वनिमुद्रणे) उपयोगी पडतात. दोन्ही स्वयंसेवकांवर चालतात, तेव्हा वाक्ये निवडून घ्यावीत.

तयार पाठटाचणे आणि सरावपत्रिका

सर्वांत मुबलक माल हाच, आणि सर्वांत जास्त निवडावा लागणाराही हाच. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेचे रीडराइटथिंक, तिथल्याच मानव्यविद्या निधीचे एडसाइटमेंट आणि ओईआर कॉमन्स ही चांगली ठिकाणे आहेत, पण ती इंग्रजी संहितांवर उभी आहेत. दुसऱ्या भाषेच्या शिक्षकाने तिथून प्रश्न उचलू नयेत, पाठाची बांधणी पाहावी : आधी काय वाचायचे, जोड्यांत काय बोलायचे, लिहायला कधी बसायचे.

सरावपत्रिका पारखायला एक साधी कसोटी पुरते. मूळ पाठ न वाचता तिचे प्रश्न सोडवून पाहावेत. निम्मे सुटले तर पत्रिका टाकून द्यावी. ‘या कवितेतून कवी काय सुचवतो?’ या प्रश्नाखाली चार पर्याय असतात, त्यांतला ‘निसर्गावर प्रेम करावे’ हा इतका सोज्वळ असतो की कविता न पाहताही मूल त्यावरच खूण करते. याउलट ‘तिसऱ्या कडव्यात बोलणारा कोण आहे, आणि तसे कोणत्या शब्दावरून वाटले?’ हा प्रश्न कविता उघडल्यावाचून सुटत नाही. असा एक प्रश्न हाती असला की बाकीची पत्रिका नसली तरी तास निभावतो. सोबत मिळणारी उत्तरसूची स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वापरू नये; तिच्यात चुका निघतात, आणि त्या वर्गातच उघड होतात.

श्रेय आणि जतन

मुक्त साहित्याची किंमत पैशात नसते, श्रेय देण्यात असते. शीर्षक, कर्ता, कोठून घेतले आणि कोणता परवाना या चार गोष्टी प्रतीच्या तळाशी एका ओळीत मावतात. फेरफार केला असेल तर ‘संक्षेप केला आहे’ हे दोन-तीन शब्द वाढवावेत. प्रताधिकार संपलेल्या कवितेला कायदा ही ओळ मागत नाही, तरी संहिता कोणत्या आवृत्तीतून घेतली ते लिहावे, म्हणजे ‘घन’ की ‘धन’ हा वाद वर्षभरानंतरही मिटवता येतो. त्याच ओळीत मजकूर उतरवून घेतल्याची तारीख असावी. दुवा मेला, तरी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या जुन्या पानांच्या साठ्यात) तो पत्ता आणि ती तारीख घातली की पान बऱ्याचदा जसेच्या तसे समोर येते.