पी व्हॅल्यू लहान आली म्हणजे थेरपीचा फायदा मोठा, असं नसतं

सायकॉलॉजीत एमए करणाऱ्या किंवा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलामुलींबरोबर पेपर वाचायला बसलं की एक गोंधळ हमखास दिसतो, अगदी हुशार आणि मेहनती मुलांमध्येही दिसतो, म्हणून आज फक्त त्याच्यावरच लिहितेय. स्टॅटिस्टिकल सिग्निफिकन्स आणि क्लिनिकल सिग्निफिकन्स या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून चालायचं, अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये "सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट" दिसलं की हायलायटर फिरवायचा आणि पुढच्या आठवड्यात क्लायंटला सांगून मोकळं व्हायचं की ही थेरपी रिसर्चने सिद्ध झालेली आहे.

पहिलीत, म्हणजे स्टॅटिस्टिकल सिग्निफिकन्समध्ये, प्रश्न असतो की दोन ग्रुपमध्ये खरा फरक काहीच नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक आकड्यांत कितपत सहज दिसला असता. दुसरीत प्रश्न असतो की जो काही फरक पडला त्याने त्या माणसाचं जगणं कुठे बदललं का. कोथरूडच्या एका आईने मला सेशननंतर सरळ विचारलं होतं, "मॅडम, हे सगळं केल्यावर तो परत कॉलेजला जायला लागेल का?" त्या माउलीचा प्रश्न दुसरा आहे आणि आपण तिला उत्तर पहिल्याचं देतो.

यात मुलांचा दोष नाहीये हो. डिझर्टेशनच्या दिवसांत जयकर लायब्ररीत बसून एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरचे आउटपुट वाचणाऱ्यांना बघा, नजर थेट सिगच्या, म्हणजे पी व्हॅल्यूच्या, कॉलमवर, तिथे ०.०५ च्या खालचं काही दिसलं की जीव भांड्यात पडतो कारण व्हायवात पण तेच विचारतात, सिग्निफिकंट आलं का. किती फरक आला हे कोणी विचारतच नाही.

आता हा ०.०५ आला कुठून. स्टॅटिस्टिशियन रोनाल्ड फिशरने १९२५ च्या पुस्तकात सोयीची रेघ म्हणून तो वापरला, ती शेतीच्या प्रयोगांतून तयार झालेली पद्धत होती, आणि पुढे सगळ्यांनी ती रेघ दगडावर कोरल्यासारखी धरली. पी ०.०३ आली म्हणजे थेरपी लागू पडण्याची शक्यता ९७ टक्के, असं मुलं बिनधास्त लिहितात, ते साफ चूक आहे. ०.०३ चा अर्थ एवढाच की खरा फरक शून्य असता तर असा निकाल किंवा याहून टोकाचा निकाल शंभरात साधारण तीन वेळा आला असता. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये यावर खास निवेदन काढावं लागलं, त्यात स्वच्छ म्हटलंय की पी व्हॅल्यू परिणाम किती मोठा आहे हे मोजत नाही आणि निकाल किती महत्त्वाचा आहे हेही मोजत नाही.

नुसतं सांगून हे डोक्यात बसत नाही, कॅल्क्युलेटर घेऊन बसलं की बसतं. पीएचक्यू-९ घ्या, डिप्रेशन मोजणारी आपल्या सगळ्यांच्या हाताखालची स्केल, नऊ प्रश्न, ० ते २७ स्कोर, जास्त स्कोर म्हणजे त्रास जास्त. समजा, थेरपीवाला ग्रुप आणि दुसरा ग्रुप यांच्या सरासरीत शेवटी फरक पडला १ पॉइंटचा आणि दोन्हीकडे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे स्कोर सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, ५. प्रत्येक ग्रुपमध्ये २० जण असतील तर टी, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा, येतो ०.६३ आणि पी ०.५ च्या आसपास, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, पेपर कदाचित छापलाही जाणार नाही. तोच १ पॉइंट, तीच डेव्हिएशन, पण प्रत्येकी २०० जण घेतले की टी बरोबर २ आणि पी ०.०५ च्या जरा खाली, टेबलमध्ये सिग्निफिकन्सचा एक स्टार लागला. प्रत्येकी हजार जण घ्या, टी ४.४७, पी ०.००१ च्याही खाली, तीन स्टार. फरक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत १ पॉइंटच आहे! २७ पैकी १, म्हणजे एखाद्याने "झोप लागत नाही" या ओळीत "अर्ध्याहून जास्त दिवस" च्या जागी "काही दिवस" वर टिक केली, एवढंच.

लक्ष्मी रोडवरच्या सराफाचा काटा गुंजभर फरकसुद्धा दाखवतो, काटा खोटं बोलत नाही, पण काट्याने फरक दाखवला म्हणून ती गुंज तोळा होत नाही ना. मोठा सॅम्पल हा तसा नाजूक काटा आहे.

याचीच उलटी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे आणि ती शिकवताना बहुतेक वेळा राहून जाते. समजा, छोटा पायलट स्टडी आहे, प्रत्येकी १० जण, फरक ४ पॉइंटचा, डेव्हिएशन ५ च. टी येतो १.७९, पी साधारण ०.०९, आणि डिस्कशनमध्ये लिहून मोकळे, "थेरपीचा परिणाम दिसला नाही". अहो, चार पॉइंटचा फरक दिसलाय की! फक्त एवढ्याशा लोकांवरून खात्रीने बोलता येत नाहीये. इथे कॉन्फिडन्स इंटर्व्हल बघा, म्हणजे खरा फरक साधारण कुठपासून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, तो उणे ०.७ पासून ८.७ पर्यंत पसरलाय, म्हणजे खरा फरक काहीच नसेल किंवा भरपूर मोठा असेल, दोन्ही शक्य, अजून माणसं घेऊन बघायला हवं. आणि मगाशी प्रत्येकी २०० जणांचा जो सिग्निफिकंट स्टडी होता त्याचा इंटर्व्हल ०.०२ ते १.९८, म्हणजे अगदी चांगल्यात चांगलं धरलं तरी दोन पॉइंटसुद्धा नाहीत. मला विचाराल तर पेपर वाचायला शिकणाऱ्याने पहिले सहा महिने स्टार बघूच नयेत, इंटर्व्हलची दोन टोकं बघावीत आणि दोन्ही टोकांना स्वतःला विचारावं की एवढा फरक पडला तर माझ्या क्लायंटला तो जाणवेल का.

मग मुलं म्हणतात, मॅडम, इफेक्ट साइझ बघितला की झालं ना? निम्मं झालं. जेकब कोहेनचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, पण त्याने स्वतःच बजावून ठेवलंय की हाताशी दुसरं काही चांगलं नसेल तेव्हाच हे वापरा. डी, म्हणजे हाच इफेक्ट साइझ, हा डेव्हिएशनच्या मापात मोजलेला फरक, तो माणसाच्या मापात आणायचं काम आपलंच.

डिप्रेशनच्या गोळ्यांचं उदाहरण घेते. अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये औषध कंपन्यांनी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेला दिलेल्या ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, डिप्रेशनच्या हॅमिल्टन स्केलवर गोळी आणि प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांच्यात सरासरी १.८ पॉइंटचा फरक निघाला, फरक स्टॅटिस्टिकली पक्का होता, पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तेव्हा क्लिनिकल फरकासाठी ३ पॉइंटची रेघ धरली होती आणि त्याच्या खाली तो पडला. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये सिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा मोठा आढावा आला, ५२२ ट्रायल्स, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं, आणि सगळीच्या सगळी प्लासिबोपेक्षा सरस. बातम्या अशा आल्या की वाद मिटला. एकूण इफेक्ट साइझ तिथेही ०.३ च्या आसपासच होता, म्हणजे दोन्ही अभ्यासांत आकडा बराचसा जवळजवळचाच, एकाने एक प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने दुसरा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, सरासरी लहान असली तरी काही जणांना औषधाने खूप फरक पडू शकतो, सरासरीत ते झाकलं जाऊ शकतं, तेव्हा हे वाचून कोणी आपली किंवा घरच्या कोणाची गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

दोन्ही बाजूंनी उभा राहणारा अभ्यास बघायचा असेल तर लांब जायला नको, गोव्याचाच आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम, लॅन्सेट, २०१७. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले ४९५ जण, सगळ्यांना बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन, समुपदेशन करणारे सायकॉलॉजिस्ट नव्हतेच, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं, आणि सेशन सहा ते आठ. तीन महिन्यांनी डिप्रेशनच्याच बेक स्केलवर दोन ग्रुपमध्ये साडेसात पॉइंटचा फरक, इंटर्व्हल साधारण ५ ते १०, म्हणजे वाईटात वाईट टोक धरलं तरी पाचच्या आसपास फरक उरतो. इफेक्ट साइझ ०.४८, कोहेनच्या हिशोबात "मध्यम" म्हणून कोणी पान उलटेल, पण पुढची ओळ वाचा. पीएचक्यू-९ दहाच्या खाली आलेले लोक थेरपीच्या ग्रुपमध्ये ६४ टक्के आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये ३९ टक्के. फरक २५ टक्क्यांचा, म्हणजे दर चार जणांना हे समुपदेशन दिलं की एक जण असा बरा होतो जो एरवी झाला नसता. हे वाक्य त्या आईला समजतं. ०.४८ नाही समजत, आणि समजावं अशी अपेक्षापण नको.

त्यातला ३९ चा आकडा पण सोडू नका. ही माणसं त्या समुपदेशनाशिवाय, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या थोड्या सुधारलेल्या नेहमीच्या उपचारांवर, तिथवर पोचली. म्हणून "माझ्या क्लायंट्सचे आधीचे आणि नंतरचे स्कोर बघा, पी ०.००१" असं कोणी वर्कशॉपमध्ये दाखवलं तर विचारायचं, तुलनेला ग्रुप कोणता होता? लोक सगळ्यात वाईट दिवसांत आपल्याकडे येतात, त्यानंतर स्कोर थोडा उतरणारच. पुण्यात दर वीकेंडला कुठलंतरी सर्टिफिकेट वर्कशॉप असतं, फी भरण्याआधी एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे.

हे सगळं ग्रुपचं झालं. आपल्यासमोर ग्रुप बसत नाही, एक माणूस बसतो. त्याच्यासाठी जेकबसन आणि ट्रुअ‍ॅक्सने १९९१ मध्ये एक पद्धत मांडली, जी एमएच्या मुलांना खरंतर टी टेस्टच्या आधी शिकवायला हवी. त्यात दोन अटी आहेत, पहिली, बदल स्केलच्या मोजण्यातल्या चुकीपेक्षा मोठा हवा, आणि दुसरी, माणूस आजारी लोकांच्या पट्ट्यातून निघून बऱ्या लोकांच्या पट्ट्यात आला पाहिजे.

हिंजवडीत नोकरी करणारा एखादा मुलगा समजा, सुरुवातीला स्कोर १८, सहा सेशननंतर १४. तोही खूश, आपणही खूश. आता पीएचक्यू-९ ची डेव्हिएशन ५ धरा आणि रिलायबिलिटी, म्हणजे स्केल किती भरवशाने मोजते ते, ०.८४, मोजण्यातली चूक येते २, दोन वेळा मोजतोय म्हणून ती २ च्या वर्गमुळाने गुणायची, २.८३, आणि त्याला १.९६ ने गुणलं की साडेपाच. म्हणजे किमान ६ पॉइंट उतरल्याशिवाय खात्रीने म्हणता येत नाही की खरंच काही बदललं, ४ पॉइंट नुसते वर-खाली होण्यातले असू शकतात. १८ वरून ११ आला तर बदल विश्वासार्ह, पण गोव्याच्या अभ्यासात धरलेली दहाची रेघ अजून ओलांडलेली नाही, त्याला सुधारला म्हणायचं. ९ आला की दोन्ही अटी पुऱ्या, बरा झाला असं म्हणता येतं. आणि ६ पॉइंट वर गेला तर बिघडला, हे पण त्याच प्रामाणिकपणे फाइलमध्ये लिहायचं, तिथे गप्प बसायचं नाही.

पण ९ आला तरी फाइल बंद करण्याआधी फॉर्म उघडून एकेक ओळ बघा. नववा प्रश्न मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटण्याबद्दल आहे. बेरीज निम्मी झाली आणि ही ओळ मात्र २ वरच राहिली, असं होऊ शकतं, तिथे कुठलाही फॉर्म्युला लागू नाही, त्याच सेशनमध्ये थेट विचारायचं, सुरक्षिततेचं बोलायचं, गरज असेल तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवायचं.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००५ मध्ये एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिसचं जे धोरण मान्य केलं त्यात उत्तम उपलब्ध रिसर्च, थेरपिस्टचं कौशल्य आणि क्लायंटची परिस्थिती, संस्कृती, पसंती हे तिन्ही बरोबरीने आहेत. पेपर वाचता येणं हा त्यातला एक भाग, आणि किती फरक पुरेसा हे ठरवण्यात क्लायंटचा आवाज हवाच. पीएचक्यू-९ च्या खाली एक दहावा प्रश्न असतो जो बेरजेत धरत नाहीत म्हणून बरेच जण विचारतच नाहीत, की या त्रासामुळे तुम्हाला काम करणं, घरचं बघणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड गेलं. तो पहिल्या सेशनला विचारा, उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, "सकाळी उठून बस पकडता येत नाही", "मुलाचा डबा होत नाही", जे म्हणतील ते, आणि आठव्या सेशनला स्कोरच्या शेजारी तोच प्रश्न पुन्हा विचारा.