घरच्या कमाईत बायकोचा वाटा

नवरा-बायको दोघंही कमावतात अशा घरात एकूण कमाईतली बायकोची किती, तो हा वाटा. हिशोब दिसायला एकदम सोपा, तिचे तीस हजार, त्याचे पन्नास, म्हणजे ऐंशीतले तीस, साडेसदतीस टक्के. पण त्यासाठी दोघांची कमाई मुळात वेगवेगळी मोजलेली पाहिजे ना, आणि आपल्याकडे कित्येक घरांत गाडी तिथेच अडते.

सगळ्यात ठळक उदाहरण ऊसतोडीचं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि तिथे मजूर माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटाच गडी असला तर अर्धा कोयता. मुकादम म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती अख्ख्या कोयत्याला, बोलणी होतात नवऱ्याशी, वहीत नाव त्याचंच. फडात तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, त्याआधी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, पाणी भरलं ते वेगळंच. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरली तीही टनाच्या दरातच. त्यामुळे बाईचा वाटा किती असं विचारलं तर कामात निम्मा आणि कागदावर शून्य. गंमत म्हणजे ती आजारी पडून एक दिवस घरी राहिली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, म्हणजे हजेरी जोडीची पण गैरहजेरी मात्र तिची बरोबर मोजली जाते! रोजचा सुटा पैसा येतो तो वाढ्यांचा, उसाचे हिरवे शेंडे बांधून गावातल्या जनावरवाल्यांना विकायचे आणि त्यावर तेल-मीठ चालवायचं.

सरकारी आकड्यांत हा वाटा शोधायचा तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघतात. त्यात रोख कमावणाऱ्या विवाहित बाईला थेट विचारतात, नवऱ्यापेक्षा जास्त कमावता, कमी, की साधारण तेवढंच. २०१९-२१ च्या फेरीत सुमारे ४० टक्के बायकांनी तेवढंच किंवा जास्त असं सांगितलं. आकडा वाचून लोक खूश होतात पण जरा थांबा, १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी काम करणाऱ्याच मुळात ३२ टक्के, पुरुष ९८ टक्के, आणि त्या ३२ मधल्याही सगळ्यांच्या हातात पैसे पडत नाहीत, घरच्या शेतात राबणारीला पगार कोण देणार. शिवाय दोघं रोजंदारीवर असले की कमाई जवळपास सारखी दिसतेच, दोघांचीही कमीच असते म्हणून. त्यामुळे ४० टक्क्यांवरून घरोघरी बरोबरी आली असं म्हणणं म्हणजे उगाच.

बायको नवऱ्यापेक्षा जास्त कमवायला लागली की काय होतं यावर अमेरिकेत बराच खल झाला. मारिआन बर्त्रां, एमिर कामेनिका आणि जेसिका पॅन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की बायकोच्या वाट्याचा आलेख काढला तर ५० टक्क्यांच्या रेषेपलीकडे जोडप्यांची संख्या एकदम कोसळते, आणि याचं कारण त्यांच्या मते नवऱ्यापेक्षा जास्त कमवू नये ही समजूत. नंतर २०२१ मध्ये फिनलंडच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात निघालं वेगळंच, ५० पलीकडची ही घसरण बरीचशी एकत्र धंदा किंवा एका ठिकाणी काम करणाऱ्या जोडप्यांमुळे दिसते, त्यांची कमाई कागदावर निम्मी-निम्मी मांडलेली असते म्हणून बरोब्बर ५० वर गर्दी होते. म्हणजे परत कोयत्याचीच गोष्ट, फरक इतकाच की तिकडे वहीत निदान दोन नावं असतात.

मला स्वतःला जास्त भारी वाटतो तो अमेरिकेच्या जनगणना खात्याचा २०१८ चा शोध. त्यांनी लोकांनी सर्वेक्षणात सांगितलेली कमाई आणि टॅक्सच्या नोंदी जुळवून पाहिल्या. जिथे बायको जास्त कमावते तिथे तिचा आकडा १.५ टक्के बिंदूंनी कमी आणि नवऱ्याचा २.९ नी जास्त सांगितला जात होता, आणि उत्तर देणारा नवरा असो की बायको, दोघंही हेच करत होते. आपल्याकडे सासरच्या कार्यक्रमात सुनेचा पगार विचारला की ती कसं "त्यांच्याएवढाच" म्हणते, तसंच.

पैसा कोणाचा, हा प्रश्न जुना आहे. कात्यायन स्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाप्रमाणे बाईने कलाकुसरीतून कमावलेल्या धनावर नवऱ्याची मालकी, ते स्त्रीधनात धरत नव्हते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने बाईची मजुरी तिचीच असं म्हटलं खरं पण हिंदू बायकांना ते लागू नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने स्वतःच्या हुन्नराने मिळवलेली मालमत्ताही तिच्या पूर्ण मालकीची केली. गोव्यात अजून वेगळा प्रकार, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने लग्नात वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ५अ ने भाडं, व्याज, धंद्याचा नफा दोघांत अर्धा-अर्धा धरला. पगार मात्र त्यातून वगळला, तो ज्याचा त्याचाच.

आणि वाटा ३७ असो की ५०, तो जातो कुठे हे पण बघावं लागतं. शहरात नेहमीचं जमलेलं गणित असं की त्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता आणि तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, कामवाल्या मावशी. वीस वर्षांनी त्याच्या पैशाचा फ्लॅट झालेला असतो आणि तिचा पैसा खाऊन संपलेला. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, पण ती फक्त तिच्या एकटीच्या नावावर असेल तरच, दोघांची नावं घातली की गेली.