दोर कापला म्हणजे धार टिकली असं नाही

कागदाची पट्टी सरसर कापली की सुरी धारदार आहे, एवढंच कळतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लत होते ती पुढे. हाताने घडवलेल्या सुरीची धार किती टिकते हे सांगताना लोक दोर कापण्याची आणि लाकूड तोडण्याची चाचणी एकाच पारड्यात घालतात.

धार दोन तऱ्हांनी जाते. दोर किंवा पुठ्ठा पुन्हापुन्हा कापला की कडेचं पोलाद घासून गोलावतं. ही झीज. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या काट्रा या सुऱ्या-कात्र्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं यंत्र हीच मोजतं: ५ टक्के सिलिका मिसळलेला पुठ्ठा पातं एकूण किती कापतं, ते बघतात. इथे डी-२ नावाचं पोलाद पुढे असतं. सुमारे १.५ टक्के कार्बन, १२ टक्के क्रोमियम. त्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, टणक कण झीज अडवतात.

लाकडाच्या गाठीवर किंवा हाडावर घाव बसतो तेव्हा धार झिजायच्या आधीच मुडपते, नाहीतर तिचा कपचा उडतो. झिजेत कामाला आलेले तेच मोठे कण इथे घात करतात, कारण भेग तिथून सुटते. गाडीच्या पाट्याचं ५१६० पोलाद, जेमतेम ०.६ टक्के कार्बनचं, दोरावर मागे पडेल. घाव मात्र सोसतं. आपले लोहार कोयत्याला जुना पाटा घेतात ते अगदी योग्य करतात. कोयता डी-२चाच हवा हा हट्ट सोडा.

सगळ्यात जास्त चुकीची सांगितली जाते ती अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या सुरी घडवणाऱ्यांच्या संघटनेची जर्नीमन, म्हणजे कारागीर दर्जाची, परीक्षा. टांगलेला एक इंची दोर एका घावात तोडायचा, मग टू-बाय-फोर (साधारण दोन बाय चार इंची) लाकूड दोनदा, मग त्याच धारेनं हातावरचे केस काढायचे आणि शेवटी पातं ९० अंशांत वाकवायचं. यात दोर आहे म्हणून ती झिजेची चाचणी होत नाही. एका घावात कसली झीज? तो दोर धारेचा तीक्ष्णपणा आणि पात्याची घडण तपासतो. धार मुडपली किंवा उडाली का, हे लाकडानंतरचे केस सांगतात. वाकवण्यातून पात्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कडकपणा कसा आणलाय, ते दिसतं.

घरी पितळी सळई पुरेशी आहे. धार सळईवर जवळजवळ आडवी टेकवून दाबा. कड किंचित फुगते. सोडल्यावर सरळ झाली तर पाणी बरोबर. कपचा उडाला तर पातं कडक आहे, पुन्हा टेम्पर करून, म्हणजे बेतानं तापवून, कडकपणा उतरवता येतो. वाकलेलीच राहिली तर बहुधा मऊ आहे, मग पाणी नव्यानं द्यावं लागेल. आणि दोन सुऱ्यांची तुलना करताना दोन्हींच्या धारेचा कोन आणि कडेची जाडी सारखीच ठेवा. एक १५ अंशांत आणि दुसरी २५ अंशांत घासली असेल, तर तुम्ही पोलाद तपासतच नाही आहात.