कोकणात कॅन्सर होत नाही म्हणे!
ताजे मासे, लाल भात, मोकळी हवा, त्यामुळे कोकणातल्या माणसाला कॅन्सर होत नाही, तो मुंबईचा आजार, हे फॉरवर्ड गणपतीत चाकरमानी गावी आले की हमखास फिरतं. चूक आहे हो ते.

हवा मोकळी म्हणून कॅन्सर कमी असता तर मिझोरामचं ऐझॉल सगळ्यात खाली दिसायला हवं होतं, हिरवेगार डोंगर आहेत तिथे, पण 2012-16 च्या सरकारी नोंदीत पुरुषांचा सगळ्यात जास्त दर तिथलाच, वर्षाला लाखात 269.4 नवे पेशंट, आणि सगळ्यात कमी 39.5 उस्मानाबाद-बीडचा, दोन्ही आकडे वयाचा फरक काढून, म्हणजे कुठे म्हातारे जास्त, कुठे तरुण, हा फरक वगळून. ऐझॉलमधलं मोठं कारण म्हणजे तंबाखू. बीडकडच्या आकड्यात मात्र थोडी गोम असू शकते, तपासणीच झाली नाही तर नोंद कुठून होणार?

वयाचा फरक काढणं आपल्याकडे तर फारच गरजेचं, पोरं मुंबई-पुण्याला आणि घरात म्हातारीकोतारी, त्यामुळे नुसते पेशंट मोजले तर गावाचा आकडा आपोआप फुगतो. आणि परळला टाटात निदान झालं तरी पेशंट राहायला चिपळूणला असेल तर राहत्या जागेनुसार होणाऱ्या कॅन्सरच्या नोंदीत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच.

मासे खा बिनधास्त, पण तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली मशेरी सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायची आणि वर म्हणायचं आमची हवा चांगली! ती तंबाखूच आहे, तोंडाचा कॅन्सर तिनेही होतो.